कागदात जे नाव असेल तेच: साताऱ्यातील एका मोडी लिप्यंतर कार्यालयाविषयी

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या मोडी कागदांकडे आमच्या घरात कित्येक वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. २०२३ च्या हिवाळ्यात मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींचा विषय गावोगावी निघाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम राज्यभर सुरू झाले, तहसील कचेऱ्यांतून मोडी जाणणाऱ्यांचा शोध होऊ लागला, आणि माझ्या चुलत भावाला एकाएकी त्या ट्रंकेची आठवण झाली. त्यानंतर जी धावपळ झाली, तिच्या शेवटी मी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका लहानशा लिप्यंतर कार्यालयाचा जिना चढले. त्या कार्यालयाच्या कामाविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे, कारण मोडी अक्षर लावणारे आता पुष्कळ झाले असले, तरी कागदात जातीजमातींची आणि परमुलखातील लोकांची जी नावे येतात ती वाचून झाल्यावर त्यांचे काय करायचे, हे समजणारे थोडे आहेत. कार्यालय चालवणाऱ्या दोघा गृहस्थांनी विनंती केल्यामुळे त्याचे नाव मात्र येथे देत नाही. त्यांच्या टेबलावर आधीच हातभर उंचीचे गठ्ठे साचलेले आहेत.

आधी जेथे फसलो, ते सांगणे भाग आहे. आमच्या भावाने हे कागद प्रथम दुसऱ्या एका शहरातील सेवेकडे मोबाइलवर फोटो काढून पाठवले होते. चार दिवसांत सुबक छापील लिप्यंतर हाती आले आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "आक्का, पुरावा सापडला! आपल्याच कागदात कुणबी लिहिलंय." मी तो मजकूर पाहिला. घरातील माणसे, गुरे आणि भांडीकुंडी यांच्या एका जुन्या यादीत "कुणबी स्त्री, एक" अशी ओळ होती. पुढे तो कागद साताऱ्यातील कार्यालयात दाखवला, तेव्हा दोघांपैकी जे वयाने थोरले त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, इथं कुणबी नाही, कुणबीण आहे. आणि पेशवाईतल्या कागदात कुणबीण म्हणजे कुणब्याची बाई असं धरून चालत नाही. विकत घेतलेली दासी, बटीक, असा तिचा अर्थ असतो."

हे ऐकून मी गप्प बसले. कुणबी हा शब्द संस्कृतातील 'कुटुंबिन्' या शब्दापर्यंत नेला जातो. कुटुंब असलेला, घरबार करून जमीन कसणारा, असा त्याचा अर्थ होतो, आणि म्हणूनच आपल्याकडे शेतीच्या कामाला 'कुणबीक' किंवा 'कुणबावा' म्हणतात. त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप अठराव्या शतकातील दप्तरांत जिला स्वतःचे घर नाही अशा बाईसाठी वापरले गेले, ही गोष्ट कोशात वाचणे वेगळे आणि आपल्याच घरच्या यादीत, बैलजोडीच्या खालच्या ओळीत, नावाशिवाय पाहणे वेगळे. ज्या सेवेने तिची 'कुणबी स्त्री' केली, तिने अक्षर चुकीचे वाचले होते असे नाही. तिने अक्षर वाचून मग ते गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या अर्थाकडे वळवले होते. भावाची निराशा झाली हे खरे, परंतु तो कागद तसाच पुढे जात पडताळणी समितीसमोर गेला असता तर निराशेपेक्षा मोठी अडचण उभी राहिली असती.

आता कार्यालयाच्या पद्धतीविषयी. जागा पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आणि अंधारा आहे, आत दोन टेबले, एक स्कॅनर, उजेडासाठी एक वाकवता येणारा दिवा आणि भिंतीवर मोडी परीक्षेची दोन प्रमाणपत्रे. कागद हातात घेण्याआधी ते गिऱ्हाइकाला कशासाठी वाचून हवे आहे हे विचारत नाहीत. किंबहुना भावाने सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवले. हेतू कळला की डोळा तेच शोधू लागतो, असे त्यांचे म्हणणे. मोडीच्या बाबतीत ही भीती निराधार नाही. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लटकवत जातात, शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि बोरू उचलावा लागू नये म्हणून अक्षरे एकमेकांत गुंतवतात. त्यात जातीची नावे संक्षेपाने लिहिण्याची जुनी सवय आहे. गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या नोंदीत नुसता 'कु' लिहून पुढे गेलेला कारकून आणि शंभर वर्षांनी त्या 'कु'कडे आशेने पाहणारा वाचक, या दोघांच्या मध्ये जो बसतो त्याचा हात स्थिर असावा लागतो.

एका अक्षराने काय होते हे आपल्या भागाला सांगण्याची गरज नाही. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्रातील यादीत 'धनगड' असा उल्लेख आहे आणि माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखत आलेला आहे; हे दोन्ही शब्द एकच, हा त्या समाजाचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. पण 'र' आणि 'ड' यांच्यामधले अंतर किती लांबलचक असू शकते, हे लिप्यंतर करणाऱ्याला माहीत असावे एवढे मात्र म्हणता येईल.

या कार्यालयाकडून जे काम मिळते ते दोन रकान्यांत असते. डाव्या रकान्यात कागदातील ओळ जशीच्या तशी, अशुद्धासकट, जुन्या रूपासकट. उजव्या रकान्यात तीच ओळ आजच्या देवनागरी लेखनाने. आणि पानाच्या तळाशी टिपा. नावाच्या बाबतीत त्यांचा नियम कडक आहे. समूहाचे नाव उजव्या रकान्यातही बदलायचे नाही. त्याचा आजचा प्रतिशब्द, असलाच तर, तो तळटिपेत जाईल. मला या नियमाचे महत्त्व दुसऱ्या कागदावर पटले.

तो कागद म्हणजे एका किल्ल्याच्या शिबंदीची, म्हणजे तेथे ठेवलेल्या पगारी शिपायांची, यादी होती. आमचा कोणी पूर्वज तेथे कारकून असावा. वर्ष लिहिले होते 'इहिदे तिसैन मया व अलफ', म्हणजे अरबी आकड्यांनी एक, नव्वद, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११९१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९०-९१ निघते. यादीत माणसांची नावे थोडी आणि समूहांची नावे जास्त. हेटकरी इतके, परदेशी इतके, अरब इतके, रोहिले इतके, मावळे इतके, गारदी इतके. पहिल्या सेवेने यातील 'हेटकरी'चे 'कोकणी' केले होते, 'परदेशी'चे 'विदेशी' केले होते आणि 'गारदी'चे सरळ 'पहारेकरी' करून टाकले होते. वाचायला सोपे झाले, पण ज्या कारणाने ती यादी वाचण्यासारखी होती ते कारणच नाहीसे झाले.

साताऱ्याच्या दोघांनी तळाशी दिलेल्या टिपा वाचताना माझी एक दुपार कशी गेली ते कळले नाही. हेटकरी म्हणजे 'हेट'कडचा. हेट म्हणजे खालचा मुलूख, घाटाखालचा. हे नाव कोकणातल्या माणसाने स्वतःला दिलेले नाही, कारण आपल्या घरात उभा असलेला माणूस स्वतःला 'खालचा' कशाला म्हणेल? ते नाव घाटावर उभे राहून खाली पाहणाऱ्याने दिले आहे. आणि याची परतफेडही झालेली आहे. मुंबईत नोकरीला असताना मला स्वतःला 'घाटी' हे संबोधन ऐकावे लागले होते, आणि ते घाटावर कधी न चढलेल्या माणसांच्या तोंडून आले होते. टिपेत ही जोडी नव्हती, पण हेटकरी वाचताच मला घाटी आठवला आणि एकटीच हसले.

परदेशी हा शब्द त्याहून मजेदार आहे. आज परदेशी म्हटले की विमान डोळ्यांसमोर येते, पण मराठी दप्तरांत परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून आलेला शिपाई किंवा कामकरी, आणि त्या अर्थाचे आडनाव घेतलेली कितीतरी घराणी आज पिढीजात मराठी बोलतात. त्यातलाच पूर्वेकडून, अवध-बिहारच्या बाजूने आलेला, तो पुरभय्या. मावळा हे नावही दिशेचेच धरले जाते: सूर्य मावळतो त्या बाजूच्या खोऱ्यांतला. रोहिला हा 'रोह' या डोंगरी मुलखावरून आलेला. गारदी मात्र दिशेचा नाही आणि जातीचाही नाही. युरोपीय भाषांतील पहारावाचक 'गार्द' या शब्दावरून ते कवायती पायदळाचे नाव झाले, आणि त्यात मुसलमान होते तसे परदेशी व इतरही होते. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आणि १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या वाड्यात शिरलेले गारदी आपण शाळेत असताना एखाद्या जमातीसारखे पाठ केले होते. ते कामाचे नाव आहे, हे मला वयाच्या साठीत एका तळटिपेने सांगितले.

तिसरा कागद म्हणजे पानिपतच्या हकिकतीची कोणीतरी उतरवून घेतलेली चार पाने होती. त्यात अब्दालीच्या फौजेला सर्वत्र 'गिलचे' म्हटलेले आहे. येथे कार्यालयाने केलेली टीप मला सर्वांत चोख वाटली. गिलचा हा शब्द गिल्जई या अफगाण टोळीच्या नावावरून आलेला आहे. स्वतः अहमदशहा मात्र गिल्जई नव्हता, तो अब्दाली टोळीचा, आणि या दोन टोळ्यांचे आपापसांत हाडवैर होते. १७४७ मध्ये गादीवर आल्यावर त्याने 'दुर्र-ए-दुर्रान' असा किताब धारण केला, तेव्हापासून त्याची टोळी दुर्रानी म्हणवू लागली. म्हणजे त्या टोळीला नवे नाव मिळाले ते त्यांच्याच राजाच्या किताबावरून, आपण मराठ्यांनी त्यांना हाक मारली ती त्यांच्या वैऱ्यांच्या नावाने, आणि हिंदुस्थानात रूढ झाले ते 'पठाण', जे पश्तून या त्यांच्या स्वतःच्या नावाचेच इकडे येऊन बदललेले रूप आहे. लिप्यंतरात 'गिलचे'च्या जागी 'अफगाण' घातले की हा सगळा गुंता एका शब्दात सपाट होतो. पहिल्या सेवेने नेमके तेच केले होते.

या कार्यालयात एक झेरॉक्स करून शिवलेली पुस्तिकाही शंभर रुपयांना मिळते. मोडी कागदांत नेहमी भेटणारी जातींची, धंद्यांची आणि परकीयांची नावे, त्यांची मोडी वळणे आणि पुढे एकदोन ओळींत माहिती, असे तिचे स्वरूप आहे. परकीयांचा भाग उत्तम उतरला आहे. शिवकाळापासूनच्या कागदांत युरोपीयांना एकत्रितपणे 'टोपीकर' म्हटलेले आढळते, आणि त्यांत फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार असे प्रकार केलेले असतात. फिरंगी हे मुळात फ्रँक लोकांचे नाव अरबी-फारसीतून इकडे आले आणि आपल्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीज उतरले म्हणून त्यांना चिकटले. पुढे तर युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीलाही लोक 'फिरंग' म्हणू लागले. इंग्रज आणि वलंदेज ही दोन्ही नावे आपण पोर्तुगीजांच्या उच्चारावरून घेतली आहेत. डचांना वलंदेज म्हणताना आपण पोर्तुगीज 'ओलांदेस'च बोलत असतो. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. शेजारी शेजारी दिलेली ही पाच मोडी वळणे पाहून शिकणाऱ्याचा निम्मा त्रास वाचेल. हबशी आणि सिद्दी यांच्यातील फरकही नीट दिला आहे. पहिले नाव हबश म्हणजे ॲबिसिनियाच्या मुलखावरून इतरांनी दिलेले, दुसरे 'माझे स्वामी' अशा अर्थाच्या अरबी आदरवाचकावरून आलेले.

देशी नावांचा भाग तितका समाधानकारक नाही, आणि हे मी त्या दोघांना तोंडावर सांगितले. 'रामोशी' या नोंदीपुढे 'रामवंशी' अशी एकच व्युत्पत्ती निर्णय दिल्यासारखी छापली आहे. 'रानवासी' ही दुसरी उपपत्तीही तितकीच बोलली जाते आणि दोन्हींपैकी एकही सिद्ध मानता येत नाही. वडार म्हणजे ओड्र देशाकडून आलेले, हेही असेच ठाम विधान केले आहे. 'बेरड'पुढे केवळ 'एक जमात' इतकेच लिहिले आहे. सांगलीच्या पूर्वेकडे, कानडी मुलखाला लागून राहणाऱ्या वाचकाला तरी हे पुरणारे नाही. कानडीत 'बेड' म्हणजे शिकारी, त्याचे अनेकवचन 'बेडरु', त्यावरून बेडर आणि मराठीत बेरड. पुढे मराठीने या नावाचे विशेषण करून 'निर्ढावलेला, निर्लज्ज' असा अर्थ त्याला डकवला, आणि आपण मुलांवर ओरडताना तो शब्द सर्रास वापरत राहिलो. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला आणि 'विमुक्त' हे नवे नाव आले. सरकारी यादीत आज बेरड आणि रामोशी या वेगवेगळ्या नोंदी आहेत. मोडी कागदातले बेरड हे नाव आणि आपल्या तोंडातली शिवी यांत गल्लत होऊ नये यासाठी दोन ओळींची टीप हवीच होती. धाकटे गृहस्थ म्हणाले, "ताई, पुढच्या आवृत्तीत घालतो." थोरल्यांनी एक वही काढून लिहून घेतले, त्यामुळे माझा विश्वास थोरल्यांवर अधिक आहे.

माझी दुसरी तक्रार अशी की पुस्तिकेत आपण इतरांना काय म्हणत होतो हे आहे, इतर आपल्याला काय म्हणत होते ते नाही. मोडी शिकणाऱ्याला त्याची गरज नसते, असे उत्तर मिळाले, आणि ते रास्तही असेल. पण बंगालमध्ये आपले नाव 'बर्गी' होते आणि ते 'बारगीर'वरून, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या साध्या स्वारावरून पडले होते. तेथील अंगाईत बाळाला अजून बर्ग्यांची भीती घातली जाते, १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला होता, तेलुगू मुलखात मराठी माणसाला 'आरे' म्हणतात, हे सर्व एका पानात मावले असते. बर्गी वाचलेला मराठी माणूस 'गिलचे' जरा जपून वाचतो, असे मला वाटते. आमच्याच साताऱ्यात १८१८ नंतर बसलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने आमचा इतिहास लिहिला, तोसुद्धा 'महरट्टा' अशा वर्णांनी.

व्यवहाराचे थोडे. फोटो घेत नाहीत, मूळ कागदच आणावा लागतो; तुमच्यासमोर स्कॅन करून तो लगेच परत देतात, ही सोय चांगली आहे, पण पाटण किंवा जतहून येणाऱ्याला एक दिवस मोडतो. दर पानाला साडेतीनशे रुपये, टिपांसह. पहिल्या सेवेने दोनशे घेतले होते. मुदत तीन आठवडे सांगितली आणि काम पावणेदोन महिन्यांनी मिळाले. दरम्यान फोन उचलला गेला नाही, आणि एकदा साताऱ्याला गेले तर दाराला कुलूप होते, त्या दिवशी मोती चौकातून कंदी पेढे घेऊन परत आले. टंकलेखनात किरकोळ चुका आहेत. एके ठिकाणी 'तिसैन'चे 'तिसेन' झाले आहे. लिप्यंतरावर सही-शिक्का देतात, मात्र याने तुमचे काम होईलच असे एका अक्षरानेही सुचवत नाहीत. भावाला हे आवडले नाही. मला आवडले. त्याच्या नोंदीचे पुढे काय झाले, तर ती खापर पणजोबांच्या जन्मनोंदीत मिळाली, आणि तीही देवनागरीतल्या, जिच्यासाठी मोडीची गरजच नव्हती.

शिबंदीच्या यादीत अरब आणि रोहिले यांच्यामध्ये एक नाव आहे. चार अक्षरांचे असावे, पहिले 'क' किंवा 'फ', पुढे वाळवीने खाल्लेले. पहिल्या सेवेने तेथे 'कानडे' लिहून दिले होते. या दोघांनी डाव्या रकान्यात त्या शब्दाचे जेवढे उरले होते तेवढे वळण हाताने काढले, उजवा रकाना मोकळा ठेवला, खाली 'सात असामी, समूहाचे नाव लागत नाही' अशी टीप दिली, आणि बिलातून त्या पानाचे पन्नास रुपये वजा केले.